सायल्याची उडी केवढी?

संत्र्याची फोड तोंडात टाकताच वेणूनं डोळे गच्च मिटून घेतले.

"थुंकून टाक," आबाजी म्हणाले.

"हे संत्रं आहे की काढा?"

"संत्रंच आहे. आता त्याच्याकडे नीट बघ."

टेबलावर तीन संत्री होती, तीन वेगळ्या गावांहून आलेली. पण तिन्हींना एकाच दुष्ट मायनं घडवलं असावं, तशी ती दिसत होती. एक बाजू फुगलेली, दुसरी बसलेली. देठाकडे केशरी रंग चढलेला आणि बुडाशी कच्चा हिरवा राहिलेला. कापलं तर मधला दांडाही वाकडा.

आबाजी म्हणजे वेणूचे आजोबा. ते कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचं जगणं अभ्यासणारे) होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण कुणाच्या बागेत पानं पिवळी पडली की लोक अजून त्यांनाच फोन करायचे. अंगणाच्या टोकाला जिथं पूर्वी गाईंचा गोठा होता, तिथं आता त्यांची प्रयोगशाळा होती. पावसाळ्यात भिंतींना अजूनही शेणामातीचा वास यायचा.

भिंतीवर एक उजळता नकाशा होता. वर्धा नदीच्या अलीकडची-पलीकडची सगळी गावं त्यावर हिरव्या टिंबांनी दाखवली होती. त्यांतली तीन टिंबं लाल झाली होती. भिवाखेड, टेंभाळा आणि पांढरवाडी.

"या तीन गावांत बागा आजारी पडल्या," आबाजी म्हणाले. "रोग एकच आहे. तो पसरवणारा किडाही एकच आहे, सायला. आता कोडं असं, की सायल्याची उडी असते हातभर. फार तर या झाडावरून त्या झाडावर. मग भिवाखेडहून टेंभाळ्याला तो गेला कसा? मध्ये दोन नद्या आणि एक डोंगर आहे."

"वाऱ्यानं नेला असेल."

"वारा एकट्याला उचलून दुसऱ्या गावच्या दारात ठेवत नाही, बाळ. वारा तिखट उधळल्यासारखा उधळतो. मग वाटेतल्या गावांवरही चार-चार लाल ठिपके दिसले असते. वाटेत बघ, सगळं हिरवंगार."

"ट्रकमधून गेला असेल."

"ट्रक तर मंडीत जातात. मंडी हिरवी आहे."

वेणूनं ओठ चावला. कोडं सुटेना की तिला भूक लागायची. पण तोंडात अजून तो कडू रस होता.

"मला सायला दाखवा आधी," ती म्हणाली. "चोर कसा दिसतो ते तर बघू."

"कानू!" आबाजींनी हाक मारली.

खिडकीतून लिंबाएवढा यंत्रमानव टुणकन आत आला. सहा रबरी पाय, पाठीवर छोटीशी डबी, आणि तोंड म्हणावं असं काहीच नाही.

"हजर," तो म्हणाला. "पण हाक मारताना ओरडू नये. माझे कान पायांत आहेत. जमीन हलते."

घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं कढीपत्त्याचं झाड होतं. सायल्याला जसं संत्रं-लिंबू आवडतं तसाच कढीपत्ताही. आबाजींनी एक कोवळी डहाळी हलकेच वाकवली आणि वेणूच्या हातात भिंग दिलं.

तिथं तो होता. तिळापेक्षा थोडा मोठा. करडे पंख, त्यांवर तपकिरी शिंतोडे. डोकं पानाला टेकवलेलं आणि पाठ वर उचललेली, जणू कुणी देवाला दंडवत घालता घालता मध्येच थांबला आहे.

"हा काय करतोय?"

"रस पितोय. झाडाच्या सालीखाली बारीक नळ्या असतात, त्यांना रसवाहिन्या म्हणतात (पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेणाऱ्या नळ्या). हा आपली सोंड त्यात खुपसतो आणि ओढून घेतो. तसं त्याचं पिणं ते किती! झाडाला कळतही नाही."

"मग एवढा आरडाओरडा कशाला?"

"कारण त्या रसात कधी कधी एक जिवाणू असतो (डोळ्यांना न दिसणारा, एकाच पेशीचा जीव). सायल्याचं पिल्लू आजारी संत्र्यावर वाढलं, की रसाबरोबर तो जिवाणू त्याच्या पोटात जातो. पिल्लू मोठं होतं, पंख फुटतात, ते दुसऱ्या झाडावर उडी मारतं आणि सोंड खुपसतं. जिवाणू तिथं उतरतो. हळूहळू त्या झाडाच्या रसवाहिन्या बुजतात. वरती पानं स्वयंपाक करत राहतात आणि खाली मुळं उपाशी मरतात."

वर स्वयंपाक आणि खाली उपास, हे काही वेणूला आवडलं नाही.

"आणि सायला? तो नाही मरत?"

"तो मजेत असतो. त्याला पत्ताच नसतो. अशाला वाहक म्हणतात (स्वतः आजारी न पडता दुसऱ्याचं दुखणं इकडून तिकडे नेणारा). सायल्याला ना राग ना लोभ. तहान लागली, प्याला. नवी पालवी दिसली, गेला."

कानू एव्हाना डहाळीवर चढून सहाही पाय रोवून बसला होता.

"गाणं सुरू आहे," तो म्हणाला. "ऐकायचंय?"

सायल्यांचं गाणं हवेत नसतं, डहाळीत असतं. नर पंख थरथरवतो, तो थरथराट फांदीतून धावत जातो, आणि दूरच्या पानावर बसलेली मादी तो पायांनी ऐकते. पसंत पडला तर तीही उत्तर देते. कानूनं तो थरथराट आवाजात बदलून ऐकवला. आधी एक लांब गुरगुर, मग इवलीशी थाप. पुन्हा गुरगुर, पुन्हा थाप.

"गयाआत्या आणि बायका ओव्या म्हणतात तसंच आहे!" वेणू म्हणाली. "एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची."

"आता मी उचलतो," कानू म्हणाला, आणि त्यानं अगदी मादीसारखी थाप दिली.

थोड्याच वेळात दोन नर लगबगीनं चालत आले आणि कानूच्या पाठीवरच्या डबीत शिरले. झाकण बंद.

"बिचारे," वेणू पुटपुटली. "लग्न ठरलं म्हणून आले."

आबाजींनी ते सायले काचेच्या नळीतल्या औषधात टाकले. जिवाणू नसला तर औषध पांढरं राहतं. वेणूला फक्त रीत दाखवायची म्हणून त्यांनी हे केलं होतं, कारण या गावात रोग नव्हता. नकाशावर हे टिंब हिरवं होतं.

नळी निळी झाली.

आबाजींनी ती उजेडात धरली. चष्मा काढून पुन्हा लावला.

"आबाजी, म्हणजे हे सायले लहानपणी आजारी संत्र्यावर वाढले?"

"हो."

"आणि उडी तर हातभर. म्हणजे ते झाड इथंच जवळ आहे?"

घराभोवती चहूकडे तूर होती, कपाशी होती. जुनी संत्र्याची बाग कधीच गेली होती. राहिलं होतं एकच झाड, पुढच्या अंगणातलं. आबाजींनी त्या दिशेनं पाहिलं आणि लगेच नजर वळवली, जसं आपण घरातल्या आजारी माणसाकडे पाहून वळवतो.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, "वेणू! अवं वेणू! हळद भिजून राह्यली अन् तू कुठी गेली वं?"

ही गयाआत्या. आबाजींची धाकटी बहीण, पण सारं घर तिला आत्याच म्हणायचं. तिनं लग्न केलं नाही. कलमं केली. पंचक्रोशीत तिच्याइतकं नेमकं कलम कुणी बांधत नसे, आणि पुढच्या अंगणातलं संत्र्याचं झाड हे तिचं सर्वस्व होतं. त्याला ती "बाई" म्हणायची. "बाईनं पाणी पेलं का?" "बाई आज रुसली." कानूनं एकदा त्या झाडावर पाय ठेवला होता, तेव्हा आत्यानं झाडू उगारला होता. "ए सहापाया! माह्या बाईच्या अंगावर यंत्र चढन नाई! तपासाले ती काय दवाखान्यात आली का?" आणि आबाजी हसून म्हणाले होते, "जाऊ दे रे कानू. ते झाड आमच्या घरचं आहे."

साऱ्या जिल्ह्याची झाडं तपासणाऱ्या आबाजींनी ते एक झाड कधीच तपासलं नव्हतं.

आज अंगणात घाई होती. वेणूची मोठी बहीण कस्तुरी, तिचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. या घराची एक रीत होती, दुसऱ्या कुठल्या घरात ती नव्हती. लेकीला हळद लागण्याआधी कलमाला हळद लागायची. बाईच्या फांदीवरचा एक डोळा (ज्यातून नवी फांदी फुटते तो कोंब) काढून आत्या जंबेरीच्या (कणखर मुळांच्या रानटी लिंबाच्या) रोपावर कलम बांधायची, दीड-दोन वर्षं वाढवायची, आणि लेक सासरी निघाली की ते कलम ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या मांडीवर द्यायची. सासरच्या अंगणात माहेरचं झाड.

कस्तुरीचं कलम पाटावर ठेवलं होतं. कमरेएवढं, तजेलदार, चकचकीत पानांचं. कस्तुरी शेजारी बसून त्याच्या पानांवरची धूळ ओढणीनं पुसत होती.

"माझ्यापेक्षा हिचाच नट्टापट्टा जास्त," ती म्हणाली.

"ती बोलत नाई न तुह्यासारखी, म्हणून," आत्या म्हणाली, आणि बायका हसल्या.

वेणूच्या हातात हळदीची वाटी होती. आत्यानं आंब्याच्या पानानं हळद घेतली, कलमाच्या बुडाला लावली आणि ओवी धरली. आधीच्या प्रत्येक लेकीच्या नावानं एकेक ओवी म्हणायची, मग नव्या लेकीची जोडायची, अशी ती रीत.

"रेणुका दिली मालखेडी, मालखेडीची काळी माती,
माझ्या संत्र्याच्या डहाळीला, तिथं फुटो हिरवी पाती."

रेणुका म्हणजे आबाजींची थोरली लेक, वेणूची आत्या. मग तिच्या पाठच्या सुनंदाची ओवी झाली, मग मंजिरीची. वेणू लहानपणापासून त्या ऐकत होती. इतक्या ऐकल्या होत्या, की त्यांतली गावं आता तिला गावं वाटतच नव्हती, नुसते सूर वाटायचे. आत्यानं पुन्हा हळद घेतली.

"श्रावणी दिली भिवाखेडी, वाट ओढ्याची ओलांडून,
माहेराचं कोवळं ऊन, देते कलमात बांधून."

वेणूचा हात थांबला.

"ईश्वरी दिली टेंभाळ्याला, त्या विहिरीचं गोड पाणी,
माझं झाड तिच्या दारी, सांगो माहेराची कहाणी."

वाटीतली हळद हलली. थोडी पाटावर सांडली. कुणीतरी म्हणालं, "अवं, धर नीट!" पण वेणूला ते ऐकू आलं नाही. पुढची ओवी कुठल्या गावची, ते तिला ठाऊक होतं, आणि ती येऊ नये असं तिला वाटत होतं.

"मैथिली दिली पांढरवाडी, उंच टेकाड, वारा फार,
माझ्या संत्र्याची सावली, तिच्या जिवाला आधार."

वेणूनं वाटी खाली ठेवली आणि ती धावत गोठ्यात, म्हणजे प्रयोगशाळेत गेली. आबाजी नकाशासमोरच बसले होते. हातात निळी नळी होती.

"आबाजी, सायल्यानं उडी मारलीच नाही," ती धापा टाकत म्हणाली. "त्याला गाडीतून नेलं. म्हणजे त्याला नाही, जिवाणूला. ओल्या गोणपाटात गुंडाळून. लेकीच्या मांडीवर ठेवून."

आबाजींनी मान डोलावली. त्यांनाही अंगणातल्या ओव्या ऐकू येत होत्या.

"कलम कसं होतं, माहीत आहे ना?" ते हळूच म्हणाले. "फांदीवरचा डोळा सालीच्या कपच्यासकट काढायचा आणि जंबेरीच्या सालीला चीर देऊन आत बसवायचा. डोळा फुटतो, वाढतो. पण ते नवं झाड नसतं, वेणू. ते तेच झाड असतं, दुसऱ्या अंगणात उभं राहिलेलं. तेच फळ, तीच गोडी. आणि दुखणं असेल तर तेच दुखणं. कपच्यातल्या रसवाहिनीत जिवाणू असला, की तोही पाहुण्यासारखा सोबत जातो. मग पुढचं काम तिथले सायले करतात. या झाडावरून त्या झाडावर, हातभर, हातभर."

"पण बाई तर किती छान दिसते! फळांनी वाकलीय."

"हा रोग वर्षानुवर्षं लपतो. झाड हसत असतं आणि आतून भरत असतं. दोन वर्षांपूर्वी तिची एक फांदी पिवळी पडली होती, आठवतं? आत्या म्हणाली, जस्त कमी पडलं. आम्ही जस्त घातलं." ते थांबले. "दुसऱ्या कुणाच्या बागेत असती ती फांदी, तर मी त्याच दिवशी तपासली असती."

"मग रेणुकाआत्याचं मालखेड का हिरवं आहे? सुनंदाआत्याचं, मंजिरीआत्याचं?"

आबाजींनी चमकून नकाशाकडे पाहिलं. पहिल्या तिघींची गावं हिरवी होती. "कारण त्यांची कलमं बाई आजारी पडण्याआधी गेली," ते सावकाश म्हणाले. "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

पण वेणूला त्या क्षणी मालखेडचं काही सुचत नव्हतं. अंगणात आता कस्तुरीची ओवी सुरू होणार होती. कस्तुरीचं सासर धारखोऱ्याचं. तिथं डोंगराच्या कुशीत बागाच बागा होत्या, सगळ्या हिरव्या, एकही ठिपका नाही. आणि पाटावर हळद लागलेलं कलम तिथं जायला सजून उभं होतं.

"तुम्ही सांगा आत्याला," वेणू म्हणाली. "मला नाही जमणार."

आबाजी उठले. अंगणात आले तेव्हा आत्या म्हणत होती, "कस्तुरी दिली धारखोरी, धारखोरीच्या बागा दाट..." भावाचा चेहरा पाहून ती पुढची ओळ विसरली.

"गया, बाईला तपासावं लागेल."

"आज? आज लेकीच्या हळदीत?"

"आजच. कस्तुरी निघायच्या आत."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग वेणूकडे, मग तिच्या रिकाम्या हातांकडे. कुणाच्या तरी बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"तपास," ती म्हणाली. "साऱ्या जगाचे झाडं तपासले त्वा. आता बहिणीचंबी तपास. काई निंघन नाई पाह्य."

कानू बाईच्या खोडावर चढला. या वेळी कुणी झाडू उगारला नाही. त्यानं पाय रोवले, ऐकलं आणि थाप दिली. पानापानांतून सायले निघाले. एक आला, मग दुसरा, मग रांगच. इतके असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आबाजींनी पिवळ्या झालेल्या फांदीची पानंही घेतली, आणि मग कस्तुरीच्या कलमाचं एक पान. हळदीचा डाग पडलेलं.

तीन नळ्या ओट्यावर ठेवल्या. तिन्ही निळ्या झाल्या.

आत्याला समजावून सांगावं लागलं नाही. ती पन्नास वर्षं झाडांत वावरली होती. ती बाईच्या पारावर बसली आणि तिनं आपले दोन्ही हात समोर धरले. हळदीनं पिवळे झालेले.

"म्हंजे मीच," ती म्हणाली. "माह्या हातानं. श्रावणीच्या घरी मीच धाडलं, ईश्वरीच्या घरी, मैथिलीच्या... अन् त्याईच्या शेजाऱ्यापाजाऱ्याईच्या बागा?"

मग वेणू जवळ गेली.

"आत्या, सायला रस पितो ना, तेव्हा त्याला माहीतच नसतं, की आपण काय घेऊन चाललोय. तो आजारी पडत नाही, म्हणून त्याला कळत नाही."

"सायल्याले माया नसते, पोरी. मले होती." आत्या बाईच्या खोडाला टेकली. "मायेनंच डोळ्यावर झापड आणली."

वेणू तिच्या शेजारी पारावर बसली.

त्या दुपारी आबाजींनी तिन्ही लेकींना फोन केले. झाड काढावं लागेल, मुळासकट. त्याला औषध नाही. ठेवलं तर सायले तिथून पीत राहतील आणि वाटत राहतील. ईश्वरी रडली. मैथिलीच्या नवऱ्यानं, "असं का होय" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्याच्या भावाची बाग गेली होती. श्रावणी मात्र म्हणाली, "आत्याले द्या फोन."

आत्या नाही म्हणत होती, पण कस्तुरीनं फोन तिच्या कानाला लावलाच.

"आत्या, पहिल्या बाळंतपणात मले काईच गोड लागत नव्हतं," श्रावणी म्हणाली. "तवा तुह्या झाडाचं एक संत्रं खाल्लं होतं. पहिलंच फळ होतं ते. ते कडू नव्हतं. एवढं आयकून ठेव."

आत्यानं फोन परत दिला. बराच वेळ ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाईला काढायचं ठरलं. तिच्यावरचे सायले आधी गेले पाहिजेत, नाहीतर झाड पडताना ते उडून जातील, असं आबाजी म्हणाले. कानूनं दिवसभर थाप दिली आणि नरांना डबीत बोलावलं. उरलेल्यांवर निंबोळीच्या अर्काचा फवारा झाला, आणि पंख नसलेली पिवळी पिल्लं, ज्यांना उडीसुद्धा येत नव्हती, ती पांढऱ्या मेणाच्या कुरळ्या धाग्यांसकट पानांवरच निपचित पडली. वेणूनं भिंगातून ती पाहिली आणि भिंग खिशात टाकलं. त्यांनी तरी कुणाचं काय बिघडवलं होतं? ती जिथं जन्मली तिथंच पीत होती.

करवत चालली तेव्हा आत्या घरात होती. फांद्यांवरची संत्री कुणीच तोडली नव्हती. ती झाडासकट खाली आली आणि अंगणभर गडगडत गेली.

कस्तुरीचं कलमही त्याच आगीत गेलं. बुडाला लागलेली हळद आधी काळी पडली.

निघताना कस्तुरी गाडीत बसली आणि सवयीनं तिनं मांडीवरची जागा मोकळी ठेवली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

"आत्या, ओवी तरी पुरी कर," ती म्हणाली.

"दुसऱ्या ओळीत झाड असते," आत्या म्हणाली. "झाड नाई त कोणती ओळ घालू?" आणि तिनं कस्तुरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

गाडी गेली. अंगणात जिथं बाई होती तिथं ऊन पडलं होतं. इतक्या वर्षांत तिथं कधी ऊन पडलंच नव्हतं.

वेणूला मालखेड आठवलं ते तेव्हा.

"आबाजी! रेणुकाआत्याचं झाड! ते बाई आजारी पडण्याआधी गेलं. आणि कलम म्हणजे नवं झाड नसतं, तेच झाड असतं, असं तुम्हीच म्हणालात. मग मालखेडात बाईच उभी आहे. बरी असलेली बाई!"

आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग सुनंदाला फोन लावला. सुनंदाचं झाड धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. मंजिरीचं रस्ता रुंद करताना तोडलं होतं. राहिलं एकच, रेणुकाचं.

दुसऱ्याच आठवड्यात आबाजी, वेणू आणि कानू मालखेडला गेले. रेणुकाआत्याच्या परसात ते झाड उभं होतं, म्हातारं, एका अंगानं वाळलेलं, पण गोल गरगरीत फळांचं. कानूनं थाप दिली. एकच सायला आला. नळी पांढरीच राहिली. पानांच्या नळ्याही पांढऱ्या राहिल्या.

आबाजींनी एक डहाळी कापून घेतली. घरी आल्यावर जंबेरीच्या रोपांना चिरा दिल्या आणि डोळे बसवायला आत्याला बोलावलं.

"माह्या हातानं नोको," ती म्हणाली.

मग आबाजींनीच बसवले. त्यांचा हात तितका नेमका नव्हता. सगळे वाळले, एक तेवढा जगला. ते रोप त्यांनी जाळीघरात ठेवलं (इतकी बारीक जाळी लावलेलं घर, की सायलासुद्धा आत शिरू नये).

"आता दोन वर्षं," आबाजी म्हणाले. "हा रोग लपून बसतो, म्हणून आपण थांबायचं. पुन्हा पुन्हा तपासायचं. कुठलंही कलम यापुढे तपासल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही, मग ते कितीही घरचं असो. दोन वर्षं नळी पांढरी राहिली, तर याचा डोळा धारखोऱ्याला जाईल. भिवाखेडला, टेंभाळ्याला, पांढरवाडीलाही."

आत्या जाळीघराच्या दारापर्यंतच यायची. आत पाऊल टाकायची नाही. पण एके दिवशी सकाळी वेणू पाहते तो ती आत होती, आणि रोपाजवळ उकिडवी बसली होती. डोळा फुटला होता. दोन पानं आली होती, उंदराच्या कानांएवढी.

कानू कुंडीच्या काठावर बसला होता.

"ए सहापाया," आत्या म्हणाली. "चढ तिच्यावर."

"चढू? नक्की? झाडू कुठे आहे?"

"चढ म्हणतो न! अन् ते सायल्याचं गाणं आयकू येते का, सांग."

कानूनं त्या इवल्या देठावर फक्त दोन पाय टेकले. सगळे सहा मावलेच नसते. बराच वेळ तो ऐकत राहिला.

"काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"मंग बस तिथंच. रोज आयकत जाय." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दारात थांबली. "वेणू, कस्तुरीच्या ओवीची पहिली ओळ आठवते का तुले?"

"कस्तुरी दिली धारखोरी, धारखोरीच्या बागा दाट."

"हाव. तेवढी ध्यानात ठेव. मी राहीन का नाई, काय सांगाव. दुसरी ओळ या झाडाले विचारून तूच लाव."

वेणू रोपाशेजारी खाली बसली. तिनं एक बोट कुंडीच्या मातीवर टेकवलं आणि श्वास रोखून, कानूसारखीच, ऐकू लागली.